कव्हरावरची कॅसेट

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा माझ्या मोबाइलला नवे कव्हर होते. वाढदिवसाला वसतिगृहातील मैत्रिणींनी वर्गणी काढून दिलेले. त्यावर ऑडिओ कॅसेटचे चित्र आहे. नारिंगी पट्टी, दोन दातेरी चाके, मधली छोटी खिडकी आणि पट्टीवर पेनाने लिहिल्यासारखी अक्षरे. आप्पांनी मोबाइल हातात घेतला, उलटा केला, थोडा वेळ पाहिला आणि विचारले, "ही कॅसेट कुणाची गं?"

मी म्हणाले, "नुसतं चित्र आहे, आप्पा. जुन्या काळची आठवण म्हणून काढतात असं."

"आठवण?" आप्पा म्हणाले, "आपल्याकडं टेप कवा हुता?"

मला उत्तर देता आले नाही. टेप आमच्या घरी कधीच नव्हता. माझा जन्म झाला तेव्हा कॅसेटचा जमाना सरत आला होता आणि मी शाळेत जाऊ लागले तोवर गाणी मोबाइलच्या कार्डात भरून मिळू लागली होती. म्हणजे जी वस्तू माझ्या घरात नव्हती आणि माझ्या काळातही नव्हती, तिची 'आठवण' मी पाठीला लावून हिंडत होते. ही आठवण मग कोणाची?

प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक अल्पसा प्रयत्न आहे. विषय किरकोळ आहे हे मला मान्य आहे. 'अभ्यासाला दुसरे काही मिळाले नाही काय?' असेही काही वाचक म्हणतील. परंतु आमचे इतिहासाचे सर वर्गात नेहमी सांगतात, की कोणत्याही वस्तूला पाच प्रश्न विचारावेत : ती कशाची केली? कोणी केली? कोणी विकत घेतली? तिचा उपयोग कसा झाला? आणि ती कोणाला मिळाली नाही? मडक्याच्या खापराला हे प्रश्न विचारता येतात, तर मोबाइलच्या कव्हराला का विचारू नयेत?

कव्हर कशाचे असते?

मोबाइलला पोशाख चढवण्याची हौस आजची नाही. नोकिया कंपनीने १९९८ साली ५११० हा फोन बाजारात आणला तेव्हा त्याची पुढची रंगीत पट्टी काढून दुसरी बसवता येत असे. फोन तोच, चेहरा वेगळा. पुढे १९९९ चा ३२१० आणि २००० चा ३३१० या फोनांनाही अशी बदलती कव्हरे होती. २००७ साली ॲपलचा आयफोन आला आणि फोनच्या पुढच्या बाजूला काचेखेरीज फारसे काही उरलेच नाही. बटणे गेली, आकार गेले. आज कोणत्याही कंपनीचे दोन फोन पालथे न करता शेजारी ठेवले तर ओळखणे कठीण जाते. पुढचा भाग सर्वांचा सारखा झाला, तेव्हा 'हा माझा' असे सांगण्यासाठी माणसाला पाठच तेवढी उरली.

ही कव्हरे मुख्यतः तीन प्रकारच्या द्रव्यांची असतात. लवचीक कव्हर टीपीयू नावाच्या प्लास्टिकचे असते, कडक कव्हर पॉलिकार्बोनेटचे आणि हाताला रबरासारखे मऊ लागणारे सिलिकोनचे. पारदर्शक टीपीयू उन्हातील अतिनील किरणांमुळे, उष्णतेमुळे आणि हाताच्या घामामुळे हळूहळू पिवळे पडते. माझ्या कव्हराच्या कडा चार महिन्यांत पिवळट झाल्या. कॅसेट जुनी दिसावी म्हणून चित्रकाराने जी कलाकुसर केली होती तिच्यात निसर्गानेही अशी भर घातली!

त्यावर चित्र कसे उमटते हे पाहण्यासाठी मी आमच्या तालुक्याच्या गावातील एका मोबाइल दुकानात दोन संध्याकाळी बसले. तेथे दुकानाच्या मागील बाजूस, भाकरीच्या तव्याएवढ्या जागेत, छपाईचे यंत्र आहे. प्रथम चित्र एका विशिष्ट कागदावर उलटे छापतात. मग तो कागद कव्हरावर चिकटवून सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णता देतात. त्या उष्णतेत कागदावरचा रंग वितळत नाही, तर एकदम वायुरूप होतो आणि कव्हरावरच्या पॉलिएस्टरच्या लेपात शिरून बसतो. कापूर जसा पाणी न होता उडून जातो तसाच हा प्रकार. म्हणून तो रंग नखाने खरवडून निघत नाही. दुसरी पद्धत म्हणजे शाई थेट कव्हरावर फवारून अतिनील दिव्याखाली तत्काळ घट्ट करणे. मोठे कारखानदार हिचा वापर करतात.

या यंत्रामुळे एक महत्त्वाचा फरक पडला. पूर्वी एखादे चित्र छापायचे म्हणजे त्याचा ठसा करावा लागे आणि ठसा परवडण्यासाठी हजारो प्रती काढाव्या लागत. आता एका चित्राचे एकच कव्हर काढले तरी चालते. मी बसले होते त्या संध्याकाळी एका मुलाने आपल्या बैलाचा फोटो छापून घेतला आणि एका बाईंनी वारलेल्या सासऱ्यांचा. दुकानदाराने दोघांकडून सारखेच पैसे घेतले. तथापि भिंतीवर तयार टांगलेल्या कव्हरांत बैल नव्हता आणि कोणाचे सासरेही नव्हते. तेथे होत्या कॅसेटी, व्हिडिओ गेम, पिवळे हसरे चेहरे, सिनेमांची जुनी भडक पोस्टरे आणि इंग्रजी विनोदी वाक्ये. यांपैकी काही चित्रांचा पूर्वेतिहास पाहू.

चित्रांची कुळकथा

कॅसेटपासूनच प्रारंभ करू. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील विभागात लू ओटेन्स या डच अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली आणि १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तोवरचे टेप मोठ्या उघड्या रिळांचे असत आणि ते लावणे हे जिकिरीचे काम होते. ओटेन्स यांनी आपल्या कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा केला आणि यंत्र त्याहून मोठे होता कामा नये असे ठरविले, अशी हकीकत सांगतात. कॅसेटची लांबी सुमारे १० सेंटिमीटर, रुंदी साडेसहा सेंटिमीटरच्या आत. आतील फीत जेमतेम ४ मिलिमीटर रुंद. फिलिप्सने इतर कंपन्यांनाही ही रचना वापरू दिली, म्हणून जगभर एकच माप रूढ झाले. ओटेन्स २०२१ साली वारले.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. कॅसेट आडवी आणि बुटकी असते, तर मोबाइल उभा आणि लांब. म्हणून कव्हरावरची कॅसेट चित्रकाराला ताणावी लागते. माझ्या कव्हरावरची कॅसेट खऱ्या कॅसेटीशेजारी ठेवली तेव्हा ती कोणीतरी दोन्ही टोकांना धरून ओढल्यासारखी दिसली. ती कोणत्याही टेपमध्ये बसणार नाही.

दुसरे चित्र गेमबॉयचे. करड्या रंगाचा ठोकळा, वर हिरवट पडदा, खाली अधिक चिन्हासारखे बटण. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो १९८९ साली काढला. त्याचे जनक गुन्पेई योकोई यांचे मत असे, की नवलाईच्या महागड्या तंत्रामागे धावण्यापेक्षा जुने, स्वस्त, पारखून घेतलेले तंत्र नव्या कामी लावावे. म्हणून त्यांनी रंगीत पडदा न घेता साधा पडदा घेतला. किंमत आटोक्यात राहिली आणि बॅटरीही पुष्कळ चालली. गेमबॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगात जवळजवळ ११ कोटी ८७ लाख नग खपले. त्यांतला एकही आमच्या गावात आल्याचे कोणाला ठाऊक नाही.

तिसरे चित्र पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचे. अमेरिकेतील वूस्टर या शहरात एका विमा कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांची मरगळ घालविण्यासाठी १९६३ साली हार्वे बॉल या चित्रकाराकडून ते काढून घेतले. मोबदला ४५ डॉलर. बॉल यांनी त्या चित्राचा हक्क कधीच नोंदविला नाही. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँकलिन लुफ्रानी यांनी फ्रान्समध्ये तशा चेहऱ्याची व्यापारी नोंदणी केली आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला. एकच हसू, पण एकाला ४५ डॉलर आणि दुसऱ्याला कंपनी. तिसरा प्रश्न 'कोणी विकत घेतली' हा विचारताना 'पैसे कोणाला मिळाले' हेही विचारले पाहिजे, ते यासाठी.

चौथे चित्र मला सर्वांत विलक्षण वाटते. लाल पार्श्वभूमी, वर मुकुट आणि खाली पांढऱ्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत 'शांत राहा आणि आपले काम चालू ठेवा' या अर्थाचे वाक्य. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, ब्रिटिश सरकारने हे भित्तिपत्रक छापले. भयंकर बॉम्बहल्ले झाले तर लोकांचा धीर सुटू नये म्हणून ते राखून ठेवले होते. सुमारे २४ लाख ५० हजार प्रती छापल्या, पण फारच थोड्या भिंतींवर लागल्या. बहुतेक प्रतींचा पुढे लगदा झाला. २००० साली इंग्लंडमधील ॲल्निक गावच्या बार्टर बुक्स या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्यात, एक प्रत सापडली. दुकानदार दांपत्याने ती चौकटीत बसवून लावली. गिऱ्हाइके मागू लागली, म्हणून त्यांनी प्रती छापल्या, आणि मग कपांवर, सदऱ्यांवर, कव्हरांवर तिचा सुळसुळाट झाला. 'शांत राहा आणि चहा प्या' अशी तिची विडंबनेही निघाली.

वाचकहो, आता विचार करा. युद्धकाळातील इंग्रज माणसाने हे पत्रक बहुधा पाहिलेच नव्हते. तरी आज ते पाहून लोकांना 'त्या काळची' आठवण येते. म्हणजे ज्या वस्तूशी आपला संबंध नव्हता तिची आठवण येणे हा केवळ माझाच घोटाळा नव्हे. रेट्रो या प्रकाराचा तो स्वभावच आहे. 'मागे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले आहे. पण रेट्रो मागे वळून पाहते ते निवडून पाहते. काळ सगळा घेत नाही, त्यातले सुबक तेवढे उचलते.

आपल्याकडचा माल

आपल्या देशात अशा वस्तूंचा धंदा गेल्या वीस वर्षांत वाढला. बंगळूरची चुंबक ही कंपनी २०१० साली निघाली. रिक्षा, चहाचे पेले, ट्रकच्या पाठीवरची चित्रे अशा रोजच्या देशी गोष्टी भडक रंगांत काढून तिने खपवल्या. ट्रकमागचे 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द तर कव्हरांवर सर्रास दिसतात. गंमत अशी, की महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन खात्याने व्यापारी वाहनांवर हे शब्द लिहिण्यास मनाई केली. त्यामुळे विनाकारण भोंगे वाजतात, असे कारण दिले गेले. ट्रकवर ज्याला मनाई झाली ते खिशात जाऊन बसले.

सिनेमातील शब्दांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 'झकास' हा आपल्याकडचा रोजचा शब्द. 'युद्ध' या १९८५ च्या चित्रपटात अनिल कपूर यांनी तो विशिष्ट ढंगात उच्चारला आणि तो त्यांच्याशी जोडला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, छायाचित्र, आवाज आणि त्यांच्या ढंगातील हा शब्द परवानगीवाचून व्यापारासाठी वापरण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ हेही त्याच न्यायालयात गेले, आणि त्यांनी ज्या गोष्टींसाठी संरक्षण मागितले त्यांत 'भिडू' हा शब्दही होता. अर्थात या आदेशांमुळे तुम्हाआम्हाला बोलण्याची बंदी झालेली नाही. त्या अभिनेत्यांच्या ओळखीवर परस्पर पैसे मिळवू नयेत एवढाच त्यांचा रोख आहे, आणि तो रास्तच आहे. कोणी माझा चेहरा कव्हरावर छापून विकला तर मलाही राग येईल. तरीपण माझ्या मनात एक शंका राहतेच. हुतुतूच्या मैदानात जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या ओरडला गेला, त्याच्यावर मैदानाचाही काही हक्क असेल की नाही?

हसू का येते?

विनोदी कव्हरांचे मी ढोबळ मानाने तीन वर्ग केले. पहिला वेषांतराचा. फोनने कॅसेटचे, कॅल्क्युलेटरचे किंवा बिस्किटाच्या पुड्याचे सोंग घ्यायचे. एवढी महागडी वस्तू क्षुल्लक वस्तूचा वेष घेते म्हणून हसू येते. बहुरूप्याला पाहून येते तसे. दुसरा वर्ग स्वतःच्या फजितीचा. 'मी आळशी आहे', 'मला झोप हवी', 'पगार संपला' अशी वाक्ये. आपणच आपल्याला हसलो की दुसरा हसण्यापूर्वीच मोकळे झालो, अशी त्यामागची युक्ती असावी. तिसरा वर्ग शाब्दिक कोटीचा. ओळखीच्या वाक्यातला एक शब्द बदलायचा आणि गंभीर गोष्ट खाली आणायची.

तिन्हींचा एक समान दोष आहे. विनोद एकदाच नवा असतो, आणि कव्हर दिवसभर डोळ्यांसमोर असते. आठ दिवसांत हसू संपते. फोन बदलला की कॅमेऱ्याची भोके जुळत नाहीत, त्यामुळे धड असलेले कव्हरही निकामी होते. दुकानदाराने फळीखालचा एक खोका मला दाखविला. बंद पडलेल्या मॉडेलांची कोरी कव्हरे त्यात भरलेली होती. कडक आणि मऊ प्लास्टिक एकत्र जोडलेले, वर शाई, कधी आत पत्रा. अशी मिसळ पुन्हा वितळवून वापरणे अवघड असते. विनोद आठ दिवस, फोन तीन वर्षे आणि प्लास्टिक आपल्या नातवंडांपर्यंत, असा हा हिशेब आहे.

पाचवा प्रश्न

आता सरांच्या पाचव्या प्रश्नाकडे वळते. ही वस्तू कोणाला मिळाली नाही?

'आपल्याकडं टेप कवा हुता' असे आप्पा म्हणाले खरे, परंतु त्यांचे बोलणे तेथे संपले नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी मोबाइल पुन्हा मागून घेतला. चित्रातल्या चाकावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात पेन्सिल घालून फिरवायची. सेल वाचायचे." मला नवल वाटले. टेप नव्हता तर हे यांना कसे ठाऊक? मग एकेक गोष्ट निघाली.

आप्पा दहा-अकरा वर्षांचे असतानाची हकीकत. जयंतीला वस्तीत स्पीकर लागे. तालुक्याहून स्पीकरवाला सायकलीवर भोंगा बांधून येई. त्याच्याजवळ पत्र्याच्या पेटीत कॅसेटी असत. बऱ्याचशा एकावरून दुसरीवर भरून घेतलेल्या, पेनाने नावे लिहिलेल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीने त्या भोंग्यातून ऐकले. स्पीकरवाला जेवायला गेला की कॅसेटची बाजू पलटायचे काम आप्पांकडे असे. "बाजू संपली की समदी वस्ती माझ्याकडं बघायची," आप्पा म्हणाले. "मी बटन दाबस्तवर गाणं सुरू व्हायचं न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

नंतर वाचनालयात शोधता मला कळले, की कॅसेटने हे काम देशभर केले आहे. त्यापूर्वी ध्वनिमुद्रिका काढणे हे एकदोन मोठ्या कंपन्यांच्या हाती होते आणि तबकडी वाजविण्याचे यंत्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. कॅसेट भरणे स्वस्त आणि सोपे असल्यामुळे १९८० च्या दशकात लहान लहान कंपन्या निघाल्या. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते अशी बोलीतील गाणी, लोकगीते, भजने आणि चळवळीची गीते बाजारात आली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील या घडामोडीवर १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचे पुस्तकच लिहिले. आपल्याकडे भीमगीते आणि कोळीगीते घरोघर, वस्तीवस्तीत गेली ती याच फितीवरून.

म्हणजे माझी पहिली समजूत अपुरी होती. कॅसेट 'आमची नव्हती' हे खरे नाही. यंत्र आमचे नव्हते, पण गाणे आमचे होते आणि ऐकणे सर्वांचे मिळून होते. सोनी कंपनीचा वॉकमन १९७९ साली आला आणि ऐकणे एकट्याचे झाले. आता मोबाइलने तर ते पूर्णच एकट्याचे केले आहे. माझ्या कव्हरावर जी कॅसेट आहे ती या एकट्याच्या काळातील आहे. तिच्यात चाके आहेत, खिडकी आहे, पण बाजू पलटणारा मुलगा नाही आणि त्याच्याकडे टक लावून बघणारी वस्ती नाही. चित्राने वस्तूचा आकार तेवढा उचलला, वापर मागे सोडला.

या शोधामुळे मी इतकी भारावून गेले, की दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "आपल्या घरातल्या वस्तूंची चित्रं काढून कव्हरं करायला पाहिजेत. रॉकेलचा स्टो, रेशनकार्ड, चिमणी." आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "रॉकेलच्या रांगेत मी पोटुशी असताना दोन दोन तास उभी राहिलीय. त्याचं चित्र पाठीला लावून मिरवशील?"

मी गप्प बसले. आईच्या बोलण्यात या विषयाचे जेवढे मर्म आहे तेवढे मला कोणत्या पुस्तकात सापडले नाही. जुन्या वस्तूची गंमत वाटण्यासाठी त्या वस्तूपासून सुटका झालेली असावी लागते. कंदील शोभेचा वाटतो तो घरात वीज असलेल्याला. ज्याच्या डोळ्यांत त्याची काजळी गेली आहे त्याला नव्हे. आईची रांग अजून तिच्या पायांत आहे. आप्पांची कॅसेट मात्र आनंदाची होती, म्हणून तिचे चित्र त्यांना चालले. सरसकट 'आपला भूतकाळ छापा' म्हणणे हेही एक प्रकारचे अज्ञानच, आणि ते माझे होते. दोन वर्षे कॉलेजात काढल्यावर घरातील वस्तूंकडे मी लांबून पाहू लागले आहे हेही मला त्या दिवशी उमगले, आणि थोडे वाईट वाटले.

उपसंहार

एवढ्या विवेचनानंतर माझे म्हणणे थोडक्यात असे. कव्हरांवरील जुनी चित्रे ही वाईट नाहीत. चित्र काढणारा आपल्या घरात जे होते तेच काढणार आणि विकणारा जे खपते तेच विकणार. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. परंतु भिंतीवर टांगलेल्या त्या पाचपन्नास चित्रांनाच 'जुना काळ' समजणे ही चूक आहे, आणि ती आपण, विशेषतः ज्यांच्या घरातून पहिलेच कोणी कॉलेजात आले आहे अशा विद्यार्थ्यांनी, करू नये. आपण दुसऱ्याची आठवण पाठीला लावावी आणि आपली घरी विचारूही नये, हे बरे नव्हे.

यासाठी फार काही करावे लागत नाही. वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मी अशी सूचना केली आहे, की प्रत्येकाने घरातील वडील माणसांना एका जुन्या वस्तूविषयी सरांचे पाच प्रश्न विचारावेत आणि मिळेल ते उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून आणावे. चित्र काढायचे की नाही हे त्या माणसाला विचारून ठरवावे. 'नको' म्हणाले तर तो 'नको'सुद्धा लिहून ठेवावा. तोही इतिहासच आहे.

माझे कव्हर अजून तेच आहे. कडा आणखी पिवळ्या झाल्या आहेत. परवा आप्पांचा फोन आला तेव्हा बोलणे संपता संपता त्यांनी विचारले, "ती कॅसेट हाय का अजून?" मी 'आहे' म्हणाले. म्हणाले, "असू दे. दुसरी बाजू कोरी हाय न्हवं? तिच्यावर काय भरायचं त्ये तू बघ."